बुडालेलं भात आणि चिमूटभर स्फुरद

जुलैत पावसानं जोर धरला की बेळगावचा बळ्ळारी नाला पात्र सोडतो आणि येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात पाणी पसरतं. उगवून आलेलं भात दिसेनासं होतं. चार-पाच दिवसांनी पाण्याबाहेर पिवळट पात्यांची टोकं डोकावली की बांधावर कुणीतरी म्हणतंच, "आलं बघा वर, वाचलं!" खरं तर काळजी करायची वेळ तीच.

वायू हवेत जितक्या वेगानं पसरतात, त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश पाण्यात पसरतात. त्यामुळे बुडालेल्या रोपानं तयार केलेला इथिलीन वायू रोपातच कोंडतो. साधं भात त्याचा अर्थ 'पळ वर' असा घेतं आणि साठवलेलं पिष्ट खर्चून सरसर उंच होतं. पाणी रेंगाळलं तर शिदोरी संपते. ओसरलं तरी ती लांबुळकी काडी उभी राहत नाही, आडवी होते.

ओडिशातल्या एफआर-१३ए या वाणाची रीत उलटी. ते वाढ थांबवून गप्प पडून राहतं आणि सुमारे दोन आठवड्यांनी पाणी गेलं तरी नवी पानं काढतं. यामागच्या सब-१ए या जनुकाची ओळख २००६ साली पटली. 'स्वर्णा' या वाणात ते उतरवून तयार झालेलं स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. हे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं, बियाणं नव्हे. डीएनएवरच्या खुणा तपासत, पिढी दर पिढी रोपं निवडत केलेला संकर आहे.

पण नुसतं जनुक असून भागत नाही. सब-१एचं एक रूप रोपाला तारतं, दुसरं तारत नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. दोन्ही रूपांपासून बनणाऱ्या प्रथिनांत नजरेत भरणारा फरक माळेतल्या १८६व्या जागी आहे: तारणाऱ्यात तिथे सेरीन हे अमिनो आम्ल, दुसऱ्यात प्रोलीन. सेरीनला फॉस्फेट अडकवता येतं. प्रोलीनला तशी खुंटीच नाही. हे फॉस्फेट म्हणजे आपण डीएपीच्या पोत्यातून टाकतो तेच स्फुरद, फक्त इथे प्रथिनाच्या एका रेणूला एक कण पुरतो.

तो कण चिकटवण्याचं काम एमपीके-३ नावाचं प्रथिन करतं. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे दाखवलं, आणि त्यात मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या भागाची. सब-१ए उलट एमपीके-३चंच उत्पादन वाढवतं. म्हणजे एकानं दुसऱ्याला चेतवायचं आणि दुसऱ्यानं पहिल्याला. सब-१ए वाढीच्या संप्रेरकाला, जिबरेलिनला, लगाम घालणारी प्रथिनं वाढवतं आणि रोपाची शिदोरी शिल्लक राहते.

प्रथिनांवर फॉस्फेटसारखी आणखीही लेबलं लागतात. ७६ अमिनो आम्लांचं युबिक्विटिन हे लेबल बहुधा 'मोडीत काढा' असं सांगतं. सुमो नावाच्या लेबलाचा संबंध भाताच्या खारेपणा सोसण्याशी आहे. आपल्याकडे खारं पाणी नाही, म्हणून ते राहू दे.

अर्थात जलपर्णीनं तुंबलेल्या नाल्याचं पाणी महिनाभर हललं नाही, तर सब-१एचाही निभाव लागत नाही. पंधरवड्यापुरतं मात्र, पाण्याखाली बुटकं, हिरवं आणि निपचित बसलेलं रोप हे वर डोकावणाऱ्या पिवळ्या टोकापेक्षा जास्त भरवशाचं.