साखर तपासायला येण्याआधी हे वाचा

रक्त घेतल्यावर आम्ही ते राखाडी बुचाच्या नळीत भरतो आणि नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करतो. हे कशासाठी, असे बरेच जण विचारतात. त्या नळीच्या तळाशी फ्लोराइडची पूड असते. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला ५ ते ७ टक्के साखर अशी संपते आणि रिपोर्टमध्ये आकडा खोटाच कमी दिसतो. फ्लोराइड त्या खाण्याला आवर घालते.

पेशींना सतत साखर लागते, ही सगळ्या विषयाची सुरुवात. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. तरीही भागते, कारण एकीकडून साखर येत असते आणि दुसरीकडून खर्च होत असते.

जेवणातले पिष्ट पदार्थ आतड्यात तुटून त्यांचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिनचा निरोप मिळाला की स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी साखर आत घेणारी दारे उघडतात. उरलेली साखर ग्लायकोजेन म्हणून साठते: यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत त्याच्या काही पट. पण स्नायू आपला साठा स्वतःच वापरतात, रक्ताला परत देत नाहीत. रात्रभर सगळ्या शरीराला पुरवायचे काम यकृताचे. ते साठा मोडते, शिवाय नवी साखरही तयार करते.

'रात्री जेवलोच नाही, तरी सकाळची शुगर वाढली कशी?' हा प्रश्न आम्हाला फार वेळा ऐकायला मिळतो आणि विचारणारा अगदी खरे बोलत असतो. एरवी इन्सुलिन यकृताला 'आता पुरे' असे सांगते. ते कमी पडले, किंवा यकृत त्याला दाद देईनासे झाले, की यकृत गरज नसतानाही रक्तात साखर ओतत राहते. तेव्हा घरातल्यांनी 'चोरून खाल्लेस' म्हणून कुणाला बोल लावू नये, ही कळकळीची विनंती.

ही व्यवस्था बिघडली की मधुमेह होतो; ती मुख्यतः दोन तऱ्हांनी बिघडते. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. टाइप २ मध्ये पेशी इन्सुलिनला जुमानत नाहीत. स्वादुपिंड वर्षानुवर्षे जास्त इन्सुलिन बनवून भरपाई करते आणि शेवटी थकते. दोन्हींत रक्तात साखर तुंबते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. साखर साधारण १८० च्या (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १८० मिलिग्रॅमच्या; पुढचे साखरेचे आकडेही याच मापात) वर गेली की ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून सारखी तहान आणि सारखी लघवी. इन्सुलिन जवळपास नसेलच तर शरीर चरबी जाळत सुटते, त्यातून बनणारे कीटोन नावाचे पदार्थ साचून रक्त आम्लधर्मी होते आणि जिवावर बेतते. खूप तहान, उलट्या, धाप, श्वासाला फळांसारखा वास अशी लक्षणे दिसली तर आमच्याकडे येऊ नका, थेट रुग्णालय गाठा. १९२२ पर्यंत टाइप १ वर औषधच नव्हते. त्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले. पहिल्या इंजेक्शनने विशेष काही साधले नाही. १२ दिवसांनी जास्त शुद्ध केलेले दिले, तेव्हा त्याची साखर उतरली.

आता रिपोर्टचे आकडे. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक; १०० ते १२५ ही सावध होण्याची वेळ; १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता, पण लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करावी लागते. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्यावरून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. इथे ६.५ टक्के किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा.

उपाशीपोटीच्या तपासणीआधी किमान ८ तास फक्त साधे पाणी प्या. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर त्या सकाळी ती कधी घ्यायची, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा. औषध घेऊन उपाशी राहिल्याने साखर एकदम खाली येऊ शकते. रांगेत बसल्या-बसल्या घाम फुटला, हात थरथरले, तर संकोच न करता लगेच आवाज द्या. आम्ही साखर तपासू, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊ आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघू. त्या दिवशीची तपासणी राहिली तरी चालेल. आणि नुकतेच रक्त चढवले असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर सुई टोचण्याआधी सांगा, कारण तेव्हा एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो.