दूध आटत नाही, अडतं

बाळंतीण माहेरी येऊन तीन-चार दिवस होत नाहीत तोच कुजबुज सुरू होते, "हिला दूधच नाही." बाळ रडतं, आई कासावीस होते आणि शेजारची काकू निदान करून मोकळी होते, "लई टेन्शन घेतलंस, म्हणून आटलं." काकूचं अर्धंच बरोबर आहे.

दूध तयार होणं आणि ते बाहेर येणं ही दोन वेगळी कामं. पहिलं प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं (हार्मोनचं), दुसरं ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं. बाळ चोखू लागलं, कधी नुसतं रडलं तरी, आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, दूधग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि पान्हा फुटतो. भीती, वेदना, काळजी यांनी अडतो तो हा पान्हा. दूध आत असतंच.

1948 साली अमेरिकेत न्यूटन या संशोधक दांपत्यानं हे तपासलं, तेही घरच्याच बाळंतिणीवर. पत्नी नाइल्स न्यूटन बाळाला पाजत असताना कधी त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, कधी पायाची बोटं दुखेपर्यंत ओढायची, कधी गणितं घालून चुकल्यावर विजेचा झटका द्यायचा! एरवी बाळ सरासरी 168 ग्रॅम दूध प्यायचं, त्रासाच्या दिवशी 99. त्याच त्रासात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तर 153. एकाच बाईवरचा प्रयोग, पण पुढे रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजता आल्यावरही हेच दिसलं: गोंगाटात, आकडेमोडीच्या ताणात त्याच्या सुटण्याच्या लाटा कमी झाल्या, प्रोलॅक्टिन मात्र घटलं नाही.

खरं नुकसान पुढे होतं. दूध स्तनात साचून राहिलं की शरीर नवं दूध कमी बनवतं. त्यात घाबरून डब्याचं दूध सुरू केलं की बाळ कमी चोखतं आणि मग ते खरोखरच आटतं. लांबलेल्या कळा किंवा सिझेरियननंतर तर दूध भरायलाच तीन दिवसांहून जास्त लागू शकतात.

चिंतेनं दूध "बाधतं" ही भीती मात्र सोडा. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक प्रत्येक आईच्या दुधात असतंच, सकाळी जरा जास्त. राग आला, रडू आलं म्हणून पाजणं थांबवू नये.

"काळजी करू नकोस" हा सल्ला तर मला फुकटचाच वाटतो. बीडकडची ऊसतोड करणारी बाई तान्हं लेकरू घेऊन कारखान्यावर जाते. मुकादमाची उचल फिटायची असते, दोन पाजण्यांमध्ये कित्येक तास जातात. तिला सल्ला नको, फडातून वेळ हवा. घरच्या बाळंतिणीला झोप हवी, दुखण्यावर औषध हवं, बाळ उघड्या छातीशी हवं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. उदासी दोन आठवड्यांहून लांबली तर डॉक्टरांना दाखवावं.

दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका. पहिला आठवडा सरत आला की दिवस-रात्रीत सहा वेळा तरी शू व्हायला हवी आणि वजन वाढू लागायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. डबा फोडण्याआधी त्यांच्याकडून बाळाचं वजन करून घ्या.