सकाळी दहाला शाखेची लाइन का तुंबते?

मुख्य कार्यालय पुण्यात, शाखा रत्नागिरीत. सकाळी दहाला शाखेतले सगळे पासवर्ड टाकतात, चहा पिऊन येतात, तरी पडद्यावर चक्र फिरतंच आहे. अशा वेळी पहिलं बोट दोन्ही कार्यालयांना जोडणाऱ्या लाइनकडे जातं. मीही तिथली लाइन वाढवून घ्यायला लावली होती. फरक शून्य.

पासवर्ड तपासणं हे तसं किरकोळ काम. विंडोजच्या जाळ्यात ते डोमेन कंट्रोलर हा सर्व्हर करतो. कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत पासवर्ड लाइनवरून जातच नाही. त्यापासून बनवलेल्या किल्लीने त्या क्षणाची वेळ कुलूपबंद होऊन जाते. म्हणूनच दोन्हीकडच्या घड्याळांत 5 मिनिटांहून जास्त फरक असला, की दार उघडत नाही. उघडलं की एरवी 10 तास चालणारं तिकीट (पुन्हा पुन्हा पासवर्ड न मागता आत सोडणारा पास) मिळतं. हा सगळा मामला काही किलोबाइटचा. जड असतं ते मागून येणारं सामान: ग्रुप पॉलिसी (कार्यालयाने पीसीला लावलेले नियम), लॉगॉन स्क्रिप्ट (आत येताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा), आणि रोमिंग प्रोफाइल (माणसामागून पीसी ते पीसी फिरणाऱ्या त्याच्या फाइली) असेल तर डेस्कटॉपवर टाकलेले लग्नाचे फोटोसुद्धा.

पण शाखेत स्वतंत्र कंट्रोलर होता की! मग हे सामान लाइनवरून का यावं? कुठल्या कंट्रोलरने आत घेतलं ते सांगणारी ‘सेट लॉगॉनसर्व्हर’ ही कमांड एका पीसीवर दिली, तर उत्तरात पुण्याच्या सर्व्हरचं नाव.

गंमत अशी, की आपण कुठल्या गावात आहोत हे पीसीला ठाऊक नसतं. तो डीएनएसकडून (जाळ्यातल्या नावापत्त्यांच्या वहीकडून) कंट्रोलरांची यादी घेतो आणि त्यातल्या एखाद्याला हाक मारतो. तो कंट्रोलर पीसीचा आयपी पत्ता सबनेटच्या तक्त्यात, म्हणजे कुठली आयपी मालिका कुठल्या गावाची या यादीत, शोधतो आणि सांगतो, ‘तू रत्नागिरीचा, तिकडच्याकडे जा.’ शाखेने वरचा मजला घेतला तेव्हा तिथली नवी आयपी मालिका या तक्त्यात कुणी भरलीच नव्हती. मग पीसी सापडेल त्या कंट्रोलरकडे जाणार. कंट्रोलरवरच्या नेटलॉगॉन या लॉगॉन सांभाळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) ‘नो क्लायंट साइट’, म्हणजे ‘या पीसीचं गाव सापडलं नाही’, अशा ओळींची रांग लागली होती. आम्हीच ती उघडून पाहिली नव्हती. एक नोंद भरली, पीसी पुन्हा चालू केले, लाइन मोकळी.

दोन गावांतले कंट्रोलर आपसांत बदल कळवतात ते एरवी 180 मिनिटांनी. हा वेळ 15 मिनिटांपर्यंत खाली आणता येतो. बदललेला पासवर्ड मात्र तेवढा थांबत नाही. तो लगेच एका ठरलेल्या मुख्य कंट्रोलरकडे जातो, आणि शाखेतला कंट्रोलर कुणाला नाकारण्याआधी त्याला विचारून घेतो.

शाखेतला सर्व्हर बहुधा झेरॉक्स मशीनशेजारच्या कपाटात असतो, किल्ली कपाटालाच. अशा जागी विंडोज सर्व्हर 2008 पासून मिळणारा, फक्त वाचता येणारा कंट्रोलर ठेवावा. त्यात ठरवून दिलेल्या माणसांचेच पासवर्ड साठतात. कपाटासकट चोरीला गेला, तरी बदलायचे ते तेवढेच.