अंगणवाडी ते बारावी: मराठवाड्यातील पालकांसाठी शाळाप्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

मूल अंगणवाडीत बसू लागल्यापासून बारावीचा निकाल हाती येईपर्यंत साधारण पंधरा वर्षे जातात, आणि या काळात त्याच्या नावाची नोंद एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जात राहते. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आहे. पहिली ते आठवीचे कामकाज ग्रामीण भागात मुख्यतः जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी पाहतात. माध्यमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), अकरावीच्या प्रवेशासाठी विभागीय शिक्षण उपसंचालक आणि दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी राज्य मंडळ, अशी ही उतरंड आहे. कोणत्या टप्प्यावर कोणाकडे जायचे, हे माहीत नसल्यामुळे पालकांचे हेलपाटे वाढतात. म्हणून ही माहिती टप्प्यांच्या क्रमाने दिली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार जुन्या १०+२ ऐवजी ५+३+३+४ असा आकृतिबंध स्वीकारण्यात आला आहे. त्यात वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनची तीन पूर्वप्राथमिक वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून पायाभूत स्तर, तिसरी ते पाचवी पूर्वतयारी स्तर, सहावी ते आठवी पूर्वमाध्यमिक स्तर आणि नववी ते बारावी माध्यमिक स्तर धरला आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार मात्र पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी आहे. गावपातळीवर या दोन्हींपेक्षा जुनीच घडी अजून दिसते: जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत, आणि संस्थेचे हायस्कूल पाचवी ते दहावी. त्यामुळे कागदावर स्तर कोणताही असो, लहान गावातल्या मुलाची शाळा चौथीनंतर किंवा सातवीनंतर बदलते आणि टी.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) काढण्याची वेळ त्याच सुमारास येते.

अंगणवाडीसाठी वेगळा असा अर्ज नसतो. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे नाव अंगणवाडी सेविका आपल्या नोंदवहीत आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर घेते. जन्म प्रमाणपत्र, आईचे किंवा मुलाचे आधार आणि लसीकरणाचे कार्ड जवळ असले म्हणजे पुरते. तालुक्याच्या गावी खासगी नर्सरी आणि केजीचे वर्ग आहेत. त्यांत घातले नाही म्हणून मुलाचा पहिलीचा प्रवेश अडत नाही, आणि अंगणवाडीचा दाखला नसला तरीही तो अडत नाही.

पहिलीचा प्रवेश

राज्यात वयाची गणना ३१ डिसेंबर या दिनांकावर केली जाते. त्या दिवशी तीन वर्षे पूर्ण होणारे मूल नर्सरीला आणि सहा वर्षे पूर्ण होणारे मूल पहिलीला पात्र ठरते. म्हणजे २०२६-२७ या शैक्षणिक वर्षात पहिलीसाठी मुलाचा जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वी झालेला असावा. ज्या मुलाचे वय उलटून गेले आहे आणि जे कधी शाळेतच गेले नाही, त्याला पहिलीत बसवायचे नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ४ नुसार त्याला वयानुरूप वर्गात दाखल करून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

वयाचा मुख्य पुरावा म्हणजे जन्म प्रमाणपत्र. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली असून, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा जन्म प्रमाणपत्रच राहणार आहे. ही मुले आता अंगणवाडीच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणून ज्यांची नोंद राहिली असेल त्यांनी पहिलीच्या प्रवेशाची वाट पाहू नये. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. एक वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो आणि त्यात वेळ जातो. नोंद झाली पण बाळाचे नाव लिहायचे राहिले, हा प्रकारही नेहमीचा आहे. बाळंतपण माहेरी झाले असल्यास नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीकडे किंवा त्या गावच्या रुग्णालयाच्या हद्दीतील नगरपरिषदेकडे असते आणि नाव घालण्यासाठी तिथेच जावे लागते.

जन्म प्रमाणपत्र नसले तरी सहा ते चौदा वयोगटातील मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. अशा वेळी रुग्णालयाच्या किंवा आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतील उतारा, अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचे घोषणापत्र घेऊन मुलाला दाखल करून घेतले जाते. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची मुलाखत अथवा चाचणी घेणे आणि देणगी मागणे यांना कलम १३ ने मनाई केली आहे.

आधारविषयी मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर आधार नाही या कारणाने शाळेचा प्रवेश रोखता येत नाही. तरीही मुख्याध्यापक आधारचा तगादा लावतात, कारण शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर केली जाते. त्यांची अडचण खरी आहे. पण ती प्रवेशाची अट नव्हे. मुलाचे आधार आधीच काढले असेल तर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद अद्ययावत करून घ्यावी, म्हणजे पुढे ऑनलाइन अर्ज अडकत नाही.

जनरल रजिस्टरमधील नोंद

प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापक जनरल रजिस्टरमध्ये एक आडवी ओळ भरतात: रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात व पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक व इयत्ता. पुढचे रकाने शाळा सोडण्याच्या दिवशी भरायचे म्हणून कोरे ठेवलेले असतात. टी.सी. याच ओळीची नक्कल असते, दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव याच ओळीवरून जाते, आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला लागतो तो प्रवेश-निर्गम उतारा म्हणजेही हीच ओळ. संपूर्ण प्रक्रियेत पालकाने स्वतः समोर बसून वाचून घ्यावा असा एखादा कागद असेल तर तो हा आहे, असे माझे मत आहे. आणि नेमका तोच बहुतेक पालक पाहत नाहीत.

चुका ठराविक असतात. घरात हाक मारायचे नाव लिहिले जाते. जन्म प्रमाणपत्रावर ज्ञानेश्वर असलेला मुलगा रजिस्टरमध्ये ज्ञानोबा होतो. आडनावाच्या जागी आजोबांचे नाव पडते. जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहून सोडले जाते. पूर्वी जन्माचा कागद नसला की गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख टाकीत, त्यामुळे आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. आता तसे चालत नाही, कारण जन्म प्रमाणपत्र, आधार आणि शाळेची नोंद यांची संगणकावर जुळणी होते, आणि ‘अपार’ हा बारा अंकी विद्यार्थी क्रमांक पालकाच्या संमतीने काढतानाही नाव व जन्मतारीख आधारशी जुळावी लागते.

चूक आढळल्यास मूल त्या शाळेत शिकत असतानाच पालकाने मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि सोबत जन्म प्रमाणपत्र, जातीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडावी. मुख्याध्यापक स्वतः खाडाखोड करू शकत नाहीत. ते प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवतात आणि मंजुरी आल्यावर आदेशाचा क्रमांक टाकून दुरुस्ती करतात. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर ही वाट फार अरुंद होते.

जातीच्या रकान्याला मराठवाड्यात आणखी एक बाजू आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा द्यावा लागतो. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे पणजोबा-आजोबांच्या काळातील नोंदी पुष्कळ ठिकाणी उर्दूत किंवा मोडीत आहेत. असा उतारा सापडल्यास त्याची प्रमाणित प्रत आणि जाणकाराकडून केलेले भाषांतर दोन्ही जपून ठेवावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले

बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. या मुलांसाठी दोन सोयी आहेत. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहणार असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालवता येते. त्यासाठी पालकांनी टोळी निघण्यापूर्वीच मुख्याध्यापकांकडे स्थलांतराची माहिती द्यावी, कारण प्रस्ताव त्या यादीवरूनच तयार होतो. मूल सोबत जाणार असेल, तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. या कार्डावर मुलाची इयत्ता आणि शिकून झालेला भाग नोंदवलेला असतो, आणि कारखान्याजवळच्या शाळेने त्यावरूनच त्याला वर्गात बसवून घ्यायचे असते, टी.सी. काढावी लागत नाही आणि मूळ शाळेतील नाव कमी होत नाही. टी.सी. काढून नेण्याचा सल्ला काही जण देतात, पण चार-पाच महिन्यांनी परत यायचे असेल तर तो टाळावा. वरच्या वर्गांतील मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना वेगळी आहे.

शाळा कायमची बदलायची असल्यास नव्या शाळेच्या मागणीवरून जुन्या शाळेने टी.सी. तत्काळ द्यावयाची असते. आठवीपर्यंत टी.सी.ला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि मुद्दाम उशीर लावणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. देगलूर, उदगीर, उमरगा या भागांतून बिदर किंवा तेलंगणात जाणाऱ्यांनी टी.सी.वर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवावी.

खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागा

विनाअनुदानित खासगी शाळांच्या प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे बंधन नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेला सूट देणारी ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. वंचित घटकांत अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागास व विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग व अनाथ बालके यांचा समावेश होतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे लागते.

अर्ज फक्त ऑनलाइन भरायचा असून निवड सोडतीने होते. घराचे ठिकाण नकाशावर दाखवताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी, कारण शाळेपासूनचे अंतर त्यावरूनच मोजले जाते आणि पडताळणीत ते चुकीचे निघाले तर लागलेली जागा जाते. नेट केंद्रावर अर्ज भरणारा पुष्कळदा दुकानाचेच ठिकाण टाकून देतो. पडताळणी समितीपुढे जन्माचा व रहिवासाचा पुरावा, पालकाचा जातीचा दाखला किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग बालकासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. भाड्याने राहणाऱ्यांचा करार नोंदणीकृतच असावा. सवलत आठवीपर्यंतच असते. नववीला फी सुरू होते, याचा विचार आधी करावा.

पाचवी ते दहावी

पाचवीत आणि आठवीत आता वार्षिक परीक्षा होते. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याची पुरवणी परीक्षा घेतली जाते आणि तीतही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात राहतो. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीसाठीची परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते, विद्यालय ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असणे आवश्यक असते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना मिळतात.

दहावीसाठी छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात, तर लातूर, नांदेड आणि धाराशिव हे लातूर विभागीय मंडळात येतात. परीक्षेचा अर्ज शाळा भरते. त्यानंतर मंडळाकडून येणारी प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासण्यासाठीची यादी, विद्यार्थ्याला दाखवून सही घेतली जाते. नावाचे स्पेलिंग, आईचे नाव आणि विषय तेव्हाच तपासावेत. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येते, त्यासाठी शेवटच्या शाळेची मूळ टी.सी. लागते.

अकरावी

अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरताच होता. २०२५-२६ पासून तो संपूर्ण राज्याला लागू झाला. अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती व आरक्षणाचा दावा आणि दुसऱ्या भागात महाविद्यालयांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा, भरायचे असतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, अन्यथा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. दहाही जागी लातूरची नावाजलेली महाविद्यालये लिहिणाऱ्यांनी आपल्या गुणांशी ती ताडून पाहावीत आणि निदान दोन-तीन पर्याय घराजवळचे ठेवावेत. एक-दोन विषयांत राहिलेल्यांना एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, प्रवेश मिळतो.

दहावीचे गुणपत्रक आणि मूळ टी.सी. यांखेरीज राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी त्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. हे सर्व आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतात, परंतु निकालाच्या आठवड्यात तिथे रांग लागते, म्हणून परीक्षा संपताच अर्ज द्यावा. विज्ञान शाखेतील ज्या विद्यार्थ्यांना पुढे राखीव जागेवर अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला जायचे आहे, त्यांनी जातवैधतेचा (जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचा) प्रस्ताव अकरावीतच महाविद्यालयामार्फत जिल्हा समितीकडे, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या स्वतंत्र तपासणी समितीकडे, दाखल करावा. त्यासोबत वंशावळीचे शपथपत्र आणि वडील, आजोबा किंवा चुलत्यांच्या शाळेचे उतारे जोडायचे असतात. रक्ताच्या नात्यातील कोणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रतही जोडावी.