पाचारण आणि कृपादान: गल्लत कुठे होते?

‘मला सेवेचं पाचारण (देवाचं बोलावणं) आहे,’ असं साक्ष देताना कुणी म्हणालं की ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना आपोआप वाटतं, म्हणजे आपल्याला नाही. कॅथलिक घरांत तर मुलगा फादर किंवा मुलगी सिस्टर होणार असेल तरच पाचारणाची गोष्ट निघते. बाकीचे आपले रविवारी येऊन बसणारे.

प्रेषित पौल असं म्हणत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय उघडून बघा. सुरुवातीलाच तो सगळ्या मंडळीला सांगतो की तुम्हाला झालेल्या पाचारणाला शोभेल असं वागा, पूर्ण लीनतेने. सगळ्यांना, वेचक लोकांना नव्हे. पाचारण एक, आशाही एक. मग अकराव्या वचनात वेगळेपण येतं: कुणी प्रेषित, कुणी संदेष्टे, कुणी सुवार्तिक, कुणी पाळक व शिक्षक. म्हणजे ज्याला आपण ‘माझं पाचारण’ म्हणतो, ते बहुतेक वेळा कृपादान, म्हणजे पवित्र आत्म्याने सेवेसाठी दिलेली देणगी, असतं किंवा त्यातून आलेली जबाबदारी.

पाचारण ख्रिस्ताकडे येण्याचं असतं, आणि त्यात वरची-खालची पायरी नसते. कृपादान मात्र आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटतो, ते प्रत्येकाचं निराळं असतं आणि दुसऱ्याच्या उपयोगासाठी असतं. (रोमकरांस ११:२९ मध्ये दोन्ही शब्द शेजारी येतात, पण तिथे बोलणं इस्राएलाबद्दल चाललंय, त्या वचनावरून ‘माझं दान कुणी काढून घेऊ शकत नाही’ असं ठणकावणं जरा जास्तच होतं.)

खरा फरक कळतो तो शेवटच्या काळाचा विचार केला की. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल स्पष्ट लिहितो की संदेश देणं, अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं), ज्ञान, सगळं संपणार आहे. प्रभू आल्यावर संदेश कुणाला द्यायचा? कृपादानं वाटेवरची आहेत. पाचारण ज्या आशेसाठी झालं, ती मात्र तेव्हाच पुरी होणार. आता गंमत अशी की ख्रिस्ताचं पुनरागमन जवळ आलं असं जिथे सर्वांत मोठ्याने सांगितलं जातं, तिथेच दानांची उतरंड सर्वांत कडक लावलेली दिसते. जे संपणार त्यावरच मान ताठ!

गल्लतीचं दुसरं टोकही आहे. ‘मी काय, मी तर साधी विश्वासणारी,’ असं म्हणणं आपल्याकडे लीनतेत मोजलं जातं. पौलाच्या शरीराच्या दृष्टांतात डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ म्हणतो, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी पाय म्हणतो, ‘मी हात नाही, म्हणून मी शरीराचा नाही,’ हे फारसं कुणी वाचून दाखवत नाही. पौल दोघांनाही खोडतो. दान नाही म्हणून पाचारणही नाही, असं धरून चालणं म्हणजे देवाने दिलेलं नाकारणं. त्याला लीनता कसं म्हणायचं?

याचं आपल्या मातीतलं उदाहरण केडगावचं आहे. 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात, आत्मिक संजीवन (विश्वासाची नवी जागृती) सुरू झालं. मुली तासन् तास प्रार्थनेत रडत, पापांची कबुली देत, त्यांचे जथे आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जात. पुढे अन्य भाषांत बोलणंही सुरू झालं. त्या काळी जगभरच्या अशा चळवळींत बोललं जात होतं की योएल संदेष्ट्याने सांगितलेला वळवाचा पाऊस (शेवटच्या काळातला आत्म्याचा वर्षाव) हाच, म्हणजे शेवट जवळ आला. अशा वेळी ‘अन्य भाषा आल्या नाहीत तर आत्मा मिळालाच नाही’ असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? बऱ्याच ठिकाणी तसं म्हटलंही गेलं. रमाबाईंनी अन्य भाषांना देवाचं दान मानलं, त्यांचा बचावही केला. पण तेच एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे, हे त्यांनी मान्य केलं नाही.

आणि कामं चालू राहिली. विहिरी, शेत, स्वयंपाक, छापखाना. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशा भाषेत. त्याचे खिळे (छपाईची अक्षरं) जुळवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या सदनातल्याच बायका होत्या. 1922 मध्ये रमाबाई वारल्या, तोवर हे काम चाललं. प्रार्थनेत रात्र काढणारी आणि छापखान्यात खिळे जुळवणारी, यांपैकी पाचारण झालेली कोण, असा प्रश्न तिथे गैरलागूच होता.

येशूचा शिष्य पेत्र याला मात्र असाच तुलनेचा प्रश्न पडला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, स्वतःला कसं मरण येणार हे ऐकल्यावर, तो मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि विचारतो, याचं काय? येशू म्हणतो, मी येईपर्यंत तो राहावा अशी माझी इच्छा असली तर तुला काय त्याचं? तू माझ्यामागे ये. यावरून भावांमध्ये लगेच अफवा पसरली की तो शिष्य मरणारच नाही, आणि ती खोडायला योहानाला आणखी एक वचन खर्ची घालावं लागलं.