इहवादी धम्माचरण, मुंबईतील

देव, आत्मा, पुनर्जन्म, मोक्ष यांपैकी काहीही गृहीत न धरता बुद्धाने सांगितलेले शील, ध्यान आणि मैत्री संसारात राहून पाळण्याची पद्धत. भिक्षूचे चीवर घ्यावे लागत नाही, नोकरी सोडावी लागत नाही. पाश्चात्त्य देशांत अशा आचरणाला ‘सेक्युलर बुद्धिझम’ म्हणतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावनिवारणासाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि ‘माइंडफुलनेस’ हा शब्द पुढे जगभर गेला. मुंबईत मात्र धम्म इहवादी झाला तो त्याच्या बराच आधी, गिरणगावातल्या आणि चाळींतल्या माणसांमध्ये. हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण आज या विषयावर बोलणारे पुष्कळ लोक सुरुवातच अमेरिकेपासून करतात.

गृहस्थांचा धम्माशी संबंध या परिसरात जुनाच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची नावे आहेत. कोणी लेणे कोरून दिले, कोणी पाण्याची पोढी. आधुनिक काळात धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला आणि बुद्धचरित्रातला चमत्कारांचा भाग बाजूला ठेवून मराठी वाचकांपुढे माणूस म्हणून बुद्ध ठेवला.

या आचरणाला तात्त्विक पाया मिळाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी, आजच्या चैत्यभूमीवर, अंत्यसंस्कार झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. जगाची उत्पत्ती कशी झाली हे सांगणे हा धर्माचा विषय, जगाची पुनर्रचना हा धम्माचा, असा भेद त्यात केलेला आहे. आत्मा त्यांनी नाकारलाच. आणखी एक मुद्दा त्याच ग्रंथातला: माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसांचा संबंध आला की त्यांना धम्माला जागा द्यावीच लागते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपणाऱ्या शहरात या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इहवाद पंचशीलाच्या भाषेतच आहे. ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’, म्हणजे अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा नियम मी शिकण्यासाठी स्वीकारतो. यात आज्ञा देणारा कोणी नाही, मोडल्यास पाप लावणाराही नाही. ‘अदिन्नादाना’ म्हणजे न दिलेले न घेणे. यात चोरी तर येतेच, पण घरकाम करणाऱ्या मावशींकडून ठरल्यापेक्षा तासभर जास्त काम करून घेऊन पैसे न देणेही येते. ‘मुसावादा’चा, म्हणजे खोटे बोलण्याचा, आजचा सगळ्यात सोपा दाखला म्हणजे खात्री न करता पुढे ढकललेला व्हॉट्सअॅप संदेश. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने हेच सांगितले होते: परंपरेत आहे, ग्रंथात आहे, सांगणारा गुरू आहे, एवढ्यावरून मानू नका.

मुंबईतल्या वस्त्यांमधून हे आचरण चालते ते बहुतेक विहारातून. रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून लहानथोर जमतात, त्रिसरण-पंचशील होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. दिवसभर राबून आलेली एखादी आजी चष्मा पुसून परिच्छेद वाचते, अडखळली की शेजारची नात शब्द पुरा करते. वाचन संपल्यावर प्रश्न निघतात, आणि ते पाण्यापासून पोरांच्या दारूपर्यंत कुठेही जातात. लग्न, नामकरण, मृत्यूनंतरचे जलदान हे विधी पुष्कळदा बौद्धाचार्य करतात. ही गृहस्थ माणसे असतात. कोणी कारकून, कोणी बेस्टमधून निवृत्त झालेले. भारतीय बौद्ध महासभेची (स्थापना १९५५) प्रशिक्षण-शिबिरे त्यांना तयार करतात.

दुसरा प्रवाह विपश्यनेचा, म्हणजे शरीरातल्या संवेदना शांतपणे पाहण्याच्या ध्यानाचा. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैत त्यांचे पहिले शिबिर मुंबईत झाले. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली; गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला, त्याच्या खांब नसलेल्या दगडी घुमटाखाली सुमारे आठ हजार लोक एका वेळी बसू शकतात. दहा दिवसांचे शिबिर, पहाटे चारची घंटा, आर्य मौन, आणि खर्च जुन्या साधकांच्या दानातून. गोयंकांच्या प्रवचनांत पुनर्जन्म येतो, त्यामुळे ही पद्धत पूर्ण इहवादी नाही. पण न पटणारे बाजूला ठेवून साधना करण्याची मुभा साधकाला असते.

शिबिरात शिकलेले टिकते की नाही, ते घरी परतल्यावर कळते. सकाळी ८.१७ च्या लोकलमध्ये कोपर बरगडीत बसते. छातीत ऊब चढते, श्वास आखूड होतो, जबडा आवळतो. शिवी ओठांवर येण्याआधी एवढे सगळे घडून जाते. आनापानात, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या साधनेत, वरच्या ओठाच्या वर, नाकपुड्यांच्या दाराशी श्वास पाहायची सवय झालेल्याला या खुणा वेळेत दिसतात. बुद्धाने दिलेली दोन बाणांची उपमा इथे नेमकी लागू पडते: कोपर हा पहिला बाण, तो चुकवता येत नाही. मनाने स्वतःवर मारलेला दुसरा बाण चुकवता येतो.

या दोन प्रवाहांचे पटतेच असे नाही. डोळे मिटून संवेदना पाहत बसल्याने जात संपत नाही, दुःखाचे कारण समाजातही असते, हा आंबेडकरी कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. उलट, मनातला द्वेष ओळखता आला नाही तर चळवळीतली माणसेच एकमेकांना दुरावतात, हा साधकांचा अनुभवही खोटा नाही. खरी अडचण तिसरीकडे आहे. कार्यालयांमधल्या माइंडफुलनेसच्या सत्रांत बहुधा फक्त श्वास घेतला जातो, शील बाहेरच राहते. कामाचे तास तेच ठेवून कर्मचाऱ्याला शांत बसायला शिकवणे म्हणजे सम्यक स्मृती, म्हणजे सजगता, उचलून सम्यक आजीविका, म्हणजे सचोटीने पोट भरणे, टाकून देणे. अष्टांगिक मार्गातले एक अंग असे सुटे काढता येत नाही.

काही विहारांत आता वंदनेनंतर पंधरा-वीस मिनिटे आनापान होते आणि मग ग्रंथवाचन. सतरंजीवर पुढे मुले, मागे भिंतीला टेकून म्हातारी माणसे, बाहेर चपलांचा ढीग आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांचा आवाज. डोळे उघडल्यावर पहिला विषय निघतो तो वस्तीतल्या अभ्यासिकेच्या वीजबिलाचा.