पाऊस मिलिमीटरमध्ये, पंचगंगा फुटांत

जुलैत कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर रोज येणाऱ्या मेसेजमध्ये चार मापं सुखाने नांदतात. गगनबावड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत, राधानगरी धरणाचा साठा टीएमसीत (म्हणजे अब्ज घनफुटांत) आणि विसर्ग क्युसेकमध्ये (म्हणजे सेकंदाला किती घनफूट). देशात मेट्रिक मापं १९५८ पासून लागू होत गेली, तरी नदी आणि धरण बोलण्यात अजून फुटांवरच आहेत.

पाऊस उंचीत मोजतात. पडलेलं पाणी मुरलं नाही, वाहिलं नाही, आटलं नाही, तर सपाट जागेवर जेवढा थर साचेल तेवढे मिलिमीटर. पर्जन्यमापकाचं तोंड दुप्पट मोठं केलं तर पाणीही दुप्पट जमतं, थर मात्र तेवढाच. तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर १ मिमी पावसाला आत २० मिलिलिटर पाणी येतं. ते अरुंद मोजपात्रात ओतलं की मिलिमीटरचा दहावा भागही वाचता येतो. नोंद सकाळी साडेआठला होते, त्यामुळे रात्रीची मुसळधार आज सकाळच्या आकड्यात सापडते.

खरी गंमत पुढे आहे. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला बरोबर १ लिटर. गुंठ्याला झाले १०१ लिटर. महसूल खात्याच्या लेखी २४ तासांत ६५ मिमी झाला की अतिवृष्टी. म्हणजे उसाच्या एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी.

क्युसेकला असा सरळ हिशेब नाही. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक सुटतात, म्हणजे सेकंदाला ४० हजार लिटरहून थोडं जास्त. टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. १०० चौरस किलोमीटर पाणलोटावर २८३ मिमी पाऊस पडून थेंबन् थेंब धरणात आला, तर १ टीएमसी भरतो. प्रत्यक्षात काही मुरतं, काही वाटेत अडतं.

आता बंधाऱ्यावरचे फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. ते ११.८९ आणि १३.११ मीटर असे लिहून काढले तरी नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत कुणी तसं बोलणार नाही, आणि बोलूही नये. पुराच्या रात्री सवयीचा आकडाच कामाचा. मात्र हे फूट पावसासारखे नाहीत. नदी पात्रात असते तोवर थोड्या पाण्यानेही पातळी भराभर चढते. पाणी पात्राबाहेर पडून शेतांत पसरलं की पुढच्या एकेका फुटाला कितीतरी जास्त पाणी लागतं. म्हणून पातळी इंचा-इंचाने वाढतेय एवढ्यावर पूर मंदावला असं धरून चालत नाही.